साडेदहा रोल

घराला रंग द्यायचं ठरलं की बाकीची माणसं रंगांच्या पुस्तिकेत डोकं घालतात. बदामी की मोरपंखी, हॉल उजळ दिसेल की अंधारा, यावरून घरात चार दिवस कुरबुर चालते. मापकाकांना त्यात काडीचा रस नसतो. रंग कुठे लागावा हे पेंटर बघेल, पण तो कुठे लागू नये हे कोण बघणार, असा त्यांचा सवाल असतो. त्याचं उत्तर त्यांना फुटांत, मग मीटरांत आणि शेवटी रोलांत हवं असतं.

मापकाका हे अर्थात त्यांचं कागदोपत्री नाव नाही. ते सांगून उपयोगही नाही, कारण हा गृहस्थ एकटा नाही. चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीत तो वीज केंद्रातून निवृत्त झालेला असतो, भद्रावतीत आयुध निर्माणीतून, बल्लारपुरात पेपर मिलमधून, गडचिरोलीत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून. खिशात टोपणाचं पेन, उशाशी मोजपट्टी. लग्नात माणशी भात किती, नागपूरच्या दीडशे किलोमीटरला पेट्रोल किती, तेराव्याला पत्रावळी किती, हे त्याला विचारावं लागत नाही. तो आधीच सांगून मोकळा होतो. आमच्या गल्लीच्या वाट्याला आला तो वनखात्यातला.

आता वनखात्यात लाकूड मोजण्यात हयात घालवलेला माणूस म्हणजे काय, हे ज्यांनी जंगल फक्त जिप्सीत बसून पाहिलं त्यांना सांगायला हवं. आलापल्लीकडच्या जंगलातलं सागवान बल्लारशाच्या आगारात येतं, तिथे त्याच्या थप्प्या लागतात आणि लिलाव होतो. त्याआधी ओंडका मोजायचा. मधोमध पट्टी फिरवून गोलाई घ्यायची, तिला चारानं भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. १.२० मीटर गोलाईचा, ३ मीटर लांबीचा ओंडका या रीतीनं ०.२७ घनमीटर भरतो. शाळेत शिकवलेल्या वर्तुळाच्या सूत्रानं तोच ओंडका ०.३४ भरतो. मधलं लाकूड गेलं कुठे? सालीत गेलं, करवतीच्या भुशात गेलं, गोल चौकोनी करताना निघणाऱ्या कडांत गेलं. म्हणजे नासाडी आधीच वजा धरलेली, जवळजवळ पाचवा हिस्सा. मापकाकांनी नोकरीभर हा पाचवा हिस्सा सरकारी कागदावर वजा केला. निवृत्त झाल्यावर तो सगळा घरच्या हिशेबात परत जमा करायला घेतला. काहीही मोजलं की त्यावर वीस टक्के.

त्यात त्यांच्या घराची दारं सागवानाची. आमच्या भागात छपराची कवेलू फुटकी चालतील, पण चौकट सागाची हवी. आणि सागाला कुणी ऑइल पेंट मारत नाही. मारला तर बघणारा समजतो, लाकूड आडजात असणार, लपवायला रंग दिला. सागाला फक्त पॉलिश, तेही आतली रेघ न् रेघ दिसेल असं. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून वाजतगाजत सागवान निघालं, तेव्हापासून तर मापकाका आपल्या बैठकीच्या दाराकडे दारासारखं बघतच नाहीत. अयोध्येला गेलेल्याचा चुलतभाऊ घरी उभा आहे, अशा अदबीनं त्याची कडी काढतात. या दारावर डिस्टेंपरचा थेंब पडणं ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

मुलीचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं. घर रंगवणं आलं. पेंटर ठरायच्या आधी, रंग ठरायच्या आधी, मापकाकांनी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘झाकणे व पट्टी लावणे : अंदाजपत्रक’.

हिशेबात खोट काढता येत नाही, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. दहा बाय बाराची खोली घ्या. घेर ४४ फूट. खाली फरशीची उभी पट्टी आहे, तिच्यावर टेप हवी; दाराचे ३ फूट सोडले तर ४१. वर छत पांढरं राहायचं, भिंत रंगायची, म्हणून छताच्या कडेला पूर्ण ४४. सात बाय तीनच्या दाराला दोन उभ्या बाजू आणि एक आडवी, १७ फूट. चार बाय चारच्या दोन खिडक्या, ३२. स्विचबोर्ड दोन, प्रत्येकी ३ फूट, म्हणजे ६. एकूण १४० फूट. हॉलचे याच रीतीनं १९५ निघाले, कारण हॉलला दारं तीन. धाकट्या खोलीचे ११६, स्वयंपाकघराचे १२५. बेरीज ५७६ फूट. वीस टक्के धरून ६९१, म्हणजे २११ मीटर. बाजारात रोल मिळतो २० मीटरचा. साडेदहा रोल.

मी म्हटलं, “काका, अर्धा रोल कोणी देणार नाही.”

“म्हणून अकरा,” ते म्हणाले. “पण लिहायचं साडेदहाच. हिशेब वेगळा, खरेदी वेगळी.”

हा त्या जातीचा ठळक गुण. खरेदी कितीही होवो, हिशेब निष्कलंक राहिला पाहिजे.

गोल बाजारात टेप घ्यायला मला सोबत नेलं. दुकानदारानं अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच, दोन इंच अशा रुंद्या समोर मांडल्या. मापकाकांनी खिशातून पट्टी काढून त्या मोजल्या. पाऊण इंची म्हणून दिलेली टेप १८ मिलिमीटर निघाली, म्हणजे पाऊण इंचाला मिलिमीटरभर कमी, यावर त्या गरीब दुकानदाराचं पंधरा मिनिटं शिक्षण झालं. शेवटी एक इंची घेतली. तीही मोजली तर २४ भरली. तेव्हा दुकानदार आत चहा सांगायला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

परत येताना मीही थोडं ज्ञान पाजळलं. ही टेप मुळात घरासाठी निघालीच नव्हती, मोटारींसाठी निघाली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या थ्री एम कंपनीत रिचर्ड ड्रू नावाचा तरुण होता. कंपनी तेव्हा पॉलिश पेपर बनवायची आणि हा नमुने घेऊन मोटार रंगवणाऱ्या कारखान्यांत जायचा. दुरंगी मोटारींची फॅशन आली होती. रंगारी वर्तमानपत्रं खळीनं चिकटवून एक रंग झाकायचे आणि कागद काढताना खालचा रंगही उपटून यायचा. त्यांच्या शिव्या ऐकून ड्रूनं १९२५ मध्ये ही कागदी टेप तयार केली, चिकटेल तेवढी आणि निघेल तेवढीच. पहिल्या टेपेला डिंक फक्त कडांना होता, म्हणून ती गळून पडायची.

मापकाकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “रोल किती मीटरचा होता?”

पेंटर मूळचा धानोऱ्याकडचा. आमच्याकडच्या पेंटरांचं वर्ष शहरातल्यासारखं सरळ नसतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम सुरू झाला की हा वडशाच्या मंडळ्यांकडे पडदे रंगवायला जायचा, आणि एखाद्या रात्री माणूस कमी पडला तर हवालदाराचं कामही करून यायचा. होळीनंतर घरं. शिवाय बल्लारशा स्टेशनवरच्या चित्रांत आपलाही हात आहे, असं तो सांगत असे. २०१८ मध्ये चंद्रपूर आणि बल्लारशा या स्टेशनांना सुशोभीकरणाचं देशातलं पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातला बहुतेक प्रत्येक पेंटर तिथल्या एखाद्या वाघाच्या शेपटीवर हक्क सांगतो. खरं-खोटं त्या वाघालाच माहीत.

तो आला, भिंती खरवडल्या, पुट्टी भरली, आणि टेबलावर मांडलेला अकरा रोलांचा मनोरा पाहून थबकला.

“काकाजी, हे घर रंगवाले आणलं का पार्सल कराले?”

मापकाकांनी वही पुढे केली. पेंटरनं ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी, मग आदरानं परत दिली. “दोन पुरे होते जी. एक माह्या कामाले अन् एक तुमच्या समाधानाले.”

“मग चौकट कशी सांभाळणार?”

पेंटरनं पिशवीतून एक जुना एक्स-रे काढला. कुणाच्या तरी छातीच्या फासळ्या त्यात दिसत होत्या. “हा धरतो चौकटीले, ब्रश फिरवतो, फडक्यानं पुसतो. थेंब पडन त पडन. ओला असला की निघते.”

इथे दोन शास्त्रं समोरासमोर आली. एक म्हणतं थेंब पडूच नये, दुसरं म्हणतं पडला तर पुसावा. मला विचाराल तर चंद्रपुरातली निम्मी घरं दुसऱ्या शास्त्रानं रंगली आहेत आणि बरी रंगली आहेत. पण ज्यानं साडेदहा रोलांचा हिशेब मांडलाय त्याला एक्स-रे दाखवणं हा अपमान असतो. मापकाका फक्त एवढंच म्हणाले, “उद्या ये. टेप मी लावून ठेवतो.”

टेपेबरोबर कागद आला. टेप कडा सांभाळते, पोट कागदानं झाकायचं. उघडलेलं वर्तमानपत्र साधारण चार चौरस फुटांचं; एकावर एक चढवून पसरलं की कामाला येतात तीन. दहा बाय बाराच्या खोलीची फरशी १२० चौरस फूट, म्हणजे एका थराला ४० कागद, दोन थरांना ८०. बारा पानी अंकात असे कागद निघतात तीन. एका खोलीला सत्तावीस दिवसांचे अंक लागतात. चार खोल्यांना चार महिन्यांचे. मापकाका समाधानानं माळ्यावर चढले आणि तसेच खाली आले. काकूंनी होळीच्या आधी सगळी रद्दी विकली होती.

“मला विचारायचं तरी!”

“चाळीस वर्षं विकतेच आहे जी. तुमचं अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत थांबली असती त झुरळं झाली असती.”

काकू वडशाच्या. त्यांच्या माहेरी मातीच्या भिंती, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. सारवताना चौकटीला हात लागला की ओल्या फडक्यानं पुसायचा. काकूंनी आपलं साहित्य न मोजता बाहेर काढलं. दोन फाटके धोतरजोडे, गादीचं जुनं कव्हर, तीन चादरी, सिमेंटच्या उसवलेल्या पिशव्या. हिशेबाच्या वहीत यातल्या कशालाही रकाना नव्हता. मापकाकांनी तरीही गल्लीतून रद्दी जमा केली आणि कापडाच्या जागी प्लास्टिकची पन्नी आणली, किलोवर. पन्नी सांडलेला रंग पीत नाही. थेंब तसाच ओला राहतो, पेंटरच्या पायाला लागतो आणि स्वयंपाकघरापर्यंत जातो. शिवाय पन्नीवर शिडी सरकते. धोतर मुकाट्यानं रंग पिऊन बसतं. ही गोष्ट काकूंना माहीत होती, पेंटरला माहीत होती. फक्त चौरस फुटांत मांडता येत नव्हती म्हणून हिशेबात आली नाही.

त्या रात्री मापकाका एकटे बारा वाजेपर्यंत टेप लावत होते. काम मात्र बघण्यासारखं. चंद्रपुरात खिडकीच्या कट्ट्यावर कोळशाची काळी भुकटी रोज साचते आणि धुळीवर टेप धरत नाही, म्हणून आधी प्रत्येक कडा ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसली. टेप ताणायची नाही, कडेला अलगद बसवायची, पुट्टीच्या पत्त्यानं दाबायची. कोपऱ्यात घडी नाही. दारं तर अशी गुंडाळली की सात बाजूंच्या ११९ फुटांत कुठे सुतभर लाकूड दिसेना. आठ रोल पूर्ण संपले, नवव्यातला पाऊण गेला. वहीत टिपण पडलं, ‘प्रत्यक्ष ५७६ फूट. फरक शून्य.’

सकाळी पेंटर आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागला तेव्हा मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. “काकाजी, पान सुरू झालं नं! पंधरा दिवसांत येतोच.”

मे महिना. तेंदूपत्त्याचा हंगाम. गडचिरोलीच्या गावागावांतली घरंच्या घरं पहाटे तीनला उठून पानं तोडायला जंगलात जातात, दुपारी पुडकी बांधतात, संध्याकाळी मोजून देतात. वर्षातला नगद पैसा याच दिवसांत हाती येतो, मग भिंतीवरच्या पुट्टीला कोण विचारतो? हे मापकाकांना कुणी सांगायचं? नोकरीच्या काळात दर मेमध्ये त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून पुडकी मोजली होती. भिंती मोजल्या, दारं मोजली, स्विचबोर्ड मोजले. पेंटर कुठल्या गावचा आहे आणि महिना कुठला आहे, एवढंच मोजायचं राहिलं.

टेप काढून ठेवावी म्हणून काकूंनी सुचवलं. पण एकदा निघालेली टेप परत चिकटत नाही. काढली तर पुन्हा पावणेनऊ रोल, आणि शिल्लक सव्वादोन. अंदाजपत्रकाला दुसरी दुरुस्ती लावायला मापकाका तयार होईनात. टेप राहिली. घर तसंच, गुंडाळलेलं, आणि बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर.

त्या पंधरा दिवसांत त्या घरी जाणं हा एक अनुभव होता. स्विचबोर्डांवर कागद, त्यामुळे पंख्याचं बटन कागदावरून चाचपून दाबायचं. पंख्याऐवजी दिवा लागायचा, दिव्याऐवजी देवघरातली माळ. कूलरची खिडकी पन्नीनं बंद. चंद्रपूरच्या मेमध्ये कूलर बंद ठेवणं हे टोक काकूंनी एक दुपार सोसलं. संध्याकाळी विळीवरचा हात तसाच उचलून त्यांनी पन्नीला कूलरएवढं भगदाड पाडलं. हवा आत आली, दमट, गार, आणि तिच्याबरोबर छताची टेप खाली यायला लागली. जुन्या चुन्याचं छत. चुना पिठासारखा सुटतो, त्यावर टेप नुसती लटकते. रात्रभर पट्ट्या पडत होत्या. सकाळी १७६ फूट छताची टेप पाहुण्यांच्या चादरीवर, तुळशीच्या कुंडीत आणि एक लांबलचक तुकडा मापकाकांच्या खांद्यावर होता. पेंटरनं पुढे ती सगळी लाइन शिडीवर उभं राहून नुसत्या ब्रशनं मारली, एका दमात, आणि ती सरळ आली.

फरशीवरची टेप टिकली. दारांवरची तर फारच टिकली.

साध्या कागदी टेपेचं एक आहे. ती लावायची त्या दिवशी आणि शक्यतो काढायचीही त्याच दिवशी, रंग अर्धवट ओला असताना, तिरपी ओढत, सावकाश. दुसऱ्या दिवसाच्या पुढे गेली की तिचा डिंक जागा सोडत नाही, आणि उन्हात तर तो अक्षरशः शिजतो. पश्चिमेच्या चौकटीला रोज दुपारी तीन ते सहा ऊन. पेंटर परतला, चार दिवसांत घर झक्क रंगवून दिलं, थेंब पडले ते फडक्यानं पुसले. मग मापकाकांनी स्वतः बैठकीच्या दाराची टेप काढायला घेतली. कागद निघाला. डिंक राहिला. रॉकेलनं डिंक काढायला गेले तर डिंकाबरोबर पॉलिश निघालं. चौकटीच्या कडेनं एक इंच रुंद, नितळ, फिकट पट्टा उमटला, खालून वर, आडवा, वरून खाली. काय सरळ पट्टा होता! सुताराच्या ओळंब्यालाही एवढा सरळ साधला नसता. अयोध्येच्या चुलतभावाला कुणी जानवं घातलं असावं तसा तो दिसत होता.

पेंटर बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “रंगाचा थेंब मात्र एकही नाही पडला जी दारावर.”

कुणी दुसरा असता तर दार बघून डोक्याला हात लावला असता. मापकाकांनी वही उघडली. नवीन पान. ‘पॉलिश : अंदाजपत्रक.’ ११९ फूट, रुंदी एक इंच, म्हणजे जेमतेम दहा चौरस फूट. पण तेवढ्यालाच पॉलिश केलं तर उरलेल्या दाराशी रंग जुळणार नाही, म्हणून सगळी दारं. लाखदाणा इतका, स्पिरिट इतकं, घासकागद इतका. त्यावर वीस टक्के. लिहिताना त्यांचा चेहरा, खोटं सांगत नाही, उजळला होता.

लग्न छान झालं. पाहुण्यांपैकी एकाही माणसानं भिंतीचा रंग कोणता, ते पाहिलं नाही. दाराचा पट्टा मात्र अनेकांनी पाहिला आणि हे नवीन डिझाइन कुठे करून मिळतं म्हणून चौकशी केली. मापकाकांनी त्यांना मापं दिली.

हिशेबाचं म्हणाल तर तो चुकला नाही, हे मला आजही कबूल आहे. अकरा रोल आणले, पावणेनऊ लागले, सव्वादोन उरले. वीस टक्के जवळजवळ नेमके. ते सव्वादोन रोल त्यांच्या बैठकीच्या कपाटात ठेवले आहेत. आमच्या गल्लीत दिवाळीला कुणी रंगकाम काढणार असेल तर त्यानं मापकाकांकडून ते खुशाल न्यावेत, फुकट मिळतात, फक्त सोबत वही ऐकावी लागते. आणि टेप लावायच्या आधी पेंटरला तेवढं त्याचं गाव विचारून घ्यावं.